आरतीची टाळी

डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या देवळातली संध्याकाळची आरती ऐकू येते. आईचा डावा हात सुयांनी यंत्राला जोडलेला, तो हलवायचा नाही. आज घंटा वाजली तशी ती उजव्या हाताने खाटेच्या कठड्यावर ताल धरू लागली. कठडा खडखडला. शेजारची बाई नुकतीच झोपली होती, म्हणून मी आईला थांबवलं.

"मग तुझा हात दे," आई म्हणाली.

माझ्या तळहातावर ती हलकेच टाळी वाजवू लागली, पुटपुटत आरती म्हणू लागली. एवढं भोगून ही देवाचे गोडवे कशी गाते? मला तिचं दुखणं घेता येत नाही, तिची श्रद्धाही नाही. ज्याच्याशी मी बोलणंच टाकलंय, त्याच्या आरतीत माझा हात वाजत होता. काढून घ्यावासा वाटला. पण तिच्याकडे दुसरा हात नव्हता.