गिअरबॉक्स दाखवायला इन्सुलीला

गाडी सतरा वर्षांची आहे. चारही चाकांना जोर देता येतो, हे तिचं एकमेव ऐश्वर्य. कागदांवर ती अनघाच्या नावावर आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो तेव्हा भांडी, पुस्तकं, बँकेतली खाती सगळं वाटलं गेलं. गाडी माझ्याकडे राहिली आणि नाव बदलायचं राहून गेलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अनघाचा फोन आला. नावावर करून घे, नाहीतर वीक, महिन्याभरात काय ते ठरव, एवढंच ती म्हणाली.

त्याच सुमारास गाडी तिसऱ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडायला लागली. कोल्हापुरातल्या गॅरेजवाल्यानं न उघडताच गिअरबॉक्स गेला असं सांगितलं. मला ते बरं वाटलं. गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी विकायची. मला ठरवावं लागणार नव्हतं.

तरी विकण्याआधी एकदा देवबागला जाऊन यावं म्हणून निघालो.

आजरामार्गे आंबोली. रस्ता चांगला आहे, आजऱ्याच्या पुढे थोडे खड्डे. सकाळी सहाला निघालात तर नऊपर्यंत आंबोलीत चहा होतो. घाट उतरताना खरी परीक्षा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की दांडा खटकन न्यूट्रलमध्ये यायचा आणि गाडी मोकळी सुटायची. मग मी डाव्या हातानं तिसरा गिअर दाबून धरला आणि उजव्या हातानं सगळी वळणं घेतली. असं कुणी करू नये. दुसऱ्यात उतरावं. बाजूच्या सीटवर बॅग, पाण्याची बाटली आणि सोललेल्या संत्र्याची सालं होती.

मालवणहून देवबागला जाताना एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जेमतेम एका रस्त्याची जमीन. खोली शेवटच्या टोकाकडे होती, दीड हजार रुपये, जेवण वेगळं. डांबर संपल्यावर घरापर्यंत शंभरेक पावलं निव्वळ वाळू. जुन्या गाड्यांमध्ये अशा वेळी खाली उतरून पुढच्या चाकाच्या मध्यभागी असलेली खुंटी हातानं फिरवावी लागते, तेव्हा चाक जोडलं जातं. मग आत बसून गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा, की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. मी उतरलो, खुंटी फिरवली, बसलो, दांडा ओढला. गाडी दहा पावलं गेली आणि मागची चाकं रुतली. पुढची जागची हलेनात. म्हणजे नुसता तिसरा गिअर नाही, आतलं सगळंच संपलं होतं.

जाळी सुकवणारी माणसं येऊन ढकलायला लागली. त्यांच्यातला एक म्हातारा हसत म्हणाला, "फोर व्हील म्हणतास, आणि ढकलूक आमी आठ जण." गाडी डांबरावर मागे आणून ठेवली आणि बॅग घेऊन चालत गेलो.

घराच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणतात. मागच्या खेपेला आम्ही दोघं आलो होतो, ते त्यांना आठवत होतं. त्यांनी माझ्या पाठीमागे वाटेकडे पाहिलं.

"एकटेच इलास?"

हो म्हणालो. जेवताना ताटात दोन बांगडे जास्त आले. "केलेले आसत, खावा," एवढंच म्हणाल्या. सोलकढी उत्तम. सूर्यास्ताला संगमाकडे जावं, ओहोटीला चालत बरंच पुढे जाता येतं. मी गेलो आणि लवकर परत आलो. ते पाहून कुणाशी तरी बोलावं असं वाटतं, एवढीच त्या जागेची अडचण आहे.

इन्सुलीचे बाबी मेस्त्री वहिनींनीच सुचवले. महामार्गालगत ट्रकांची कामं करतात, वहिनींच्या माहेरचे. दुसऱ्या दिवशी दोन तास गाडी चालवून पोचलो. वाटेत पुढून घुंऽऽ असा नवाच आवाज येत होता. निकाल पक्का होत चालला होता.

बाबी मेस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही. बाजूच्या सीटवरचं सामान मागे टाकायला सांगितलं, तिथे बसले आणि डोळे मिटले. त्या सीटवर बऱ्याच दिवसांनी माणूस बसलं होतं. मला आरसा नीट करायचं निमित्त काढावं लागलं. ते म्हणतील तसं मी करत गेलो. जाग्यावर उभं राहून न्यूट्रल: आवाज नाही. क्लच दाबा, सोडा: फरक नाही. मग रस्त्यावर. वेग घ्या, क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, गाडी नुसती वाहू दे. घुंऽऽ चालूच होतं. तिसऱ्यात पाय दाबा, काढा. त्यांनी डोळे उघडून दांड्याकडे बोट दाखवलं. पाय काढला की अख्खा दांडा वीतभर पुढे जात होता.

परत आल्यावर गिअरबॉक्सचं थोडं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घेऊन त्यांनी उन्हात धरलं. आतले भाग झिजले की ऑइलात पितळेची चमक येते, ती शोधत होते. नव्हती.

ब्रेकच्या कामासाठी थांबलेला एक ट्रक ड्रायव्हर बिडी ओढत बघत होता. "मेस्त्री, हिका आता पेन्शन लागू करा."

"तुझ्या ट्रकाच्या आदी नाय," मेस्त्री म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "गिअरबॉक्स बरो आसा. अजून धा वर्सां चलतलो."

माझा चेहरा बहुधा पडला असावा. खात्री आहे का, असं मी विचारलंदेखील. त्यांनी समजावून सांगितलं. गिअरबॉक्सखालचं रबर मेलं होतं. पाय काढला की इंजिनसकट सगळं डोलायचं आणि दांड्याला बाहेर ओढायचं. रबर बदललं की झालं.

मग वाळूतलं काय, मी विचारलं. आणि हा आवाज?

ते उजव्या चाकापाशी बसले, मग उठून डाव्या चाकाकडे गेले. तिथून हाक मारली. उजवी खुंटी जोडलेली होती, कालपासून तशीच. डावी सुटी होती. एकच बाजू जोडली तर जोर सुट्या बाजूला वाया जातो, आणि डांबरावर आतली चक्रं उगाच फिरत आवाज करतात.

"साहेब, ह्या बाजूक उतरता कोण?"

"बायको," मी म्हणालो. मग म्हणालो, "उतरायची."

नऊ वर्षं आम्ही दोघं दोन दारांनी उतरायचो. ती तिची खुंटी फिरवायची, मी माझी. डाव्या चाकालाही खुंटी आहे, हे मला माहीत होतं. ती आपण फिरवायची असते, हे डोक्यात आलं नव्हतं.

"दोनी बाजूंनी उतराचा लागतला तुमका," मेस्त्री म्हणाले आणि रबर आणायला सावंतवाडीला माणूस पाठवला. दोन तासांत काम झालं. त्या वेळात समोरच्या खानावळीत उसळपाव खाल्ला. ठीक होता.

परतीच्या घाटात तिसरा गिअर एकदाही सुटला नाही. मी वाट बघत होतो.

कोल्हापूरला पोचल्यावर अनघाला फोन केला. गिअरबॉक्स चांगला आहे, गाडी माझ्या नावावर करून घेतो, कागद पाठव, असं सांगितलं. बरं, म्हणाली. मग बिघाड नक्की काय होता हे तिनं विचारलं. रबराचं सांगितलं. फोन ठेवायच्या आधी डाव्या चाकाचंही सांगितलं.

ती हसेल असं मला वाटलं होतं.

"डावीकडची खुंटी घट्ट आहे," ती म्हणाली. "आधी आत दाबायची, थोडी उलटी न्यायची, मग फिरते. जोर लावू नकोस, हात सोलवटतो."

नऊ वर्षांत तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. मी माझी खुंटी फिरवून गाडीत बसायचो, ती परत येण्याची वाट बघायचो, आणि एवढा वेळ का लागतो असं विचारायचो.