जांभळ्या कडेची अळिंबी

चार जुनी माणसं सदरच्या हॉटेलात चहाला बसली की किस्से निघायचेच. पण आमच्या बॉटनी डिपार्टमेंटचे जरा जास्तच साचलेत. कारण सरळ आहे. शहाण्या माणसांचे किस्से होत नाहीत, आणि आमच्यात शहाणं कोणी नव्हतंच!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. देवतळे सर आमचे हेड, बोबडे लेक्चरर आणि मी डेमॉन्स्ट्रेटर. सरांचा विषय बुरशी. भाकरीवरची नव्हे, जुन्या जंगलातल्या म्हाताऱ्या झाडांच्या खोडावर फळीसारखी उगवते ना, ती अळिंबी.

तरुणपणी सरांना रामटेकच्या पुढच्या जंगलात, एका मोहाच्या झाडावर, जांभळ्या कडेची अळिंबी दिसली होती. आपल्या भागात ती कोणी पाहिलेली नव्हती. सरांनी नमुना आणून कपाटात ठेवला, आणि किड्यांनी त्याचा भुगा केला! पुढे एका परिषदेत बाहेरचे एक बडे तज्ज्ञ सगळ्यांदेखत म्हणाले, "देवतळे, नजरचूक झाली असेल." ते सरांना फार लागलं. रिटायर व्हायच्या आत ती पुन्हा सापडलीच पाहिजे, हा एकच ध्यास. त्यामुळे पावसाळ्यातला आमचा रविवार म्हणजे जंगल!

*

आम्ही एकदा प्रिन्सिपॉलांकडे कॉलेजची जीप मागायला गेलो.

"कशाला पाहिजे?"

"बुरशी शोधायला."

त्यांनी केबिनच्या गळक्या छताकडे पाहिलं. "मग जंगलात कायले जाता? इथंच बसा की!"

तेव्हापासून आम्ही एसटीचे पॅसेंजर झालो.

*

तर एसटी. रामटेकहून परत येताना खिडकीतून पाहता पाहता सर एकदम ओरडले, "थांबवा! थांबवा!"

कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला मळमळून राहिलं. त्याने घंटी मारली. एका बाईने लिंबू पुढे केलं. सर उतरले आणि मागे धावत सुटले, त्यांच्यामागे आम्ही, आमच्यामागे निम्मी बस. रस्त्याकडेच्या जुन्या चिंचेच्या खोडावर गोल गोल काहीतरी चिकटलेलं. सरांनी भिंग काढलं, वाकले, वास घेतला.

कोणीतरी खोडावर गोवऱ्या थापल्या होत्या!

कंडक्टर फार सभ्य माणूस. म्हणाला, "पाहून झालं असंल तं चला सर. आमच्या गावात याहून मोठ्या हायेत!"

*

बोबडेचं लग्न हा वेगळाच अध्याय. काटोलला मुलगी पाहायला गेला. संत्र्याचा बगीचा, खातंपितं घर, पोहे झाले. हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेला तो परत येईना. मुलीचा भाऊ पाहायला गेला, तर नवरदेव आंब्याच्या जुनाट झाडावर, इस्त्रीच्या पँटीसकट!

खाली उतरवून बसवला. वडील म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा."

बोबडेने विचारलं, "हे झाड कोणी लावलं?"

मुलगी म्हणजे शोभा. तिने सगळ्यांसमोर तोंड उघडलं. "मले पाहाले आले का आंब्याले?"

घरी जाऊन बोबडेने होकार कळवला. तिकडून उलट निरोप आला, "कोणाला?"

लग्न झालं, आणि पुढच्याच पावसाळ्यात शोभावहिनीही डबा घेऊन आमच्याबरोबर जंगलात यायला लागल्या. आम्हाला वाटलं, एवढ्या चांगल्या घरची मुलगी फुकट गेली!

*

आणि सापडली कोणाला? त्यांनाच!

सरांच्या नोकरीतला शेवटचा पावसाळा. रामटेकच्या पुढचंच जंगल. वहिनी एका मोठ्या मोहाखाली डबा सोडायला बसल्या आणि म्हणाल्या, "सर, ही तर नाही ना?" ढोलीच्या वर, बोटाएवढी, जांभळ्या कडेची. सर गुडघ्यावर बसले. भिंग लावून पाहिलं. मग म्हणाले, "कोवळी आहे. आत्ता कापली तर काही सिद्ध होणार नाही. पिकू द्यावी लागेल."

पिकेपर्यंत ती गुरांपासून कशी वाचायची? बोबडेने बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. झाड पुन्हा सापडावं म्हणून वहिनींनी आपली लाल रिबीन सोडून खोडाला बांधली. निघताना सरांनी पुन्हा एकदा वाकून भिंगातून पाहिलं. लांब गुरं चारणारी दोन माणसं हे सगळं पाहत उभी होती, पण आम्हाला त्याचं काय!

मधले दिवस सरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. पाऊस जरा जोरात आला की वर्ग सोडून व्हरांड्यात येऊन उभे राहायचे.

पंधरवड्याने गेलो, तर मोहाला शेंदूर, कुंकू, फोडलेले नारळ! आमची अळिंबी मात्र तळहाताएवढी झालेली, जशीच्या तशी. कोणाची हात लावायची छाती झाली नव्हती. समोर एक म्हातारी काठी घेऊन बसलेली.

"जोडे काढ गा आधी!"

सरांनी जोडे काढले. आयुष्यात देवळाची पायरी न चढलेला माणूस! हात जोडून म्हणाले, "आजी, मले याचा एक तुकडा पाहिजे. चाकू आणला मी."

"चाकू? देवाले कापतेत का गा?"

एरवी सर कोणाशीही तासभर वाद घालतील. त्या दिवशी नुसते त्या जांभळ्या कडेकडे पाहत उभे राहिले, आणि डोळ्यांतून पाणी.

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. उठली. काटे बाजूला सारले, खोडाला हात लावून पाया पडली, आणि अळिंबीचा अर्धा भाग हलकेच मोडून घेतला.

"घे. परसाद म्हणून घे."

सरांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"काहून रडून राहिला गा एवढा? काय नवस बोलला होता?"

सर ओंजळीत पाहत म्हणाले, "हाच!"