एकशे सात नंबरचं घर

शौचाला किती वेळा झाली, पातळ झाली की घट्ट, रंग कसा होता, हे सगळं परक्या माणसाला त्याच्याच दारात उभं राहून, न हसता आणि न लाजता विचारायचं म्हणजे काही खायचं काम नाही. बाईंना ते जमायचं. बावीस वर्षं त्या तेच करत होत्या. काविळीवर आणि पोटाच्या रोगांवर संशोधन करणारं एक केंद्र होतं, टायरच्या दुकानावरच्या चार खोल्यांत. तिथं त्या घरभेटीच्या कामाला होत्या. चारशे घरं नेमून दिलेली, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक दारात जायचं. खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्मचा गठ्ठा आणि पांढऱ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या. ज्याला जुलाब लागले असतील त्याच्या हातात डबी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरलेली घेऊन यायची. त्यामुळे अख्खी वस्ती त्यांना डबीवाली म्हणायची.

"आली बघा डबीवाली! आता काहीतरी बिघडवून घ्यायला पाहिजे," असं कुणीतरी ओट्यावरून ओरडायचंच.

"नका हो बिघडवू, मलाच ओझं वाहायला लागतं," बाई चालता चालता उत्तर द्यायच्या. तोंडाचा पट्टा असा, की भलेभले लाजरे पुरुष त्यांच्यापुढे पोटातलं सगळं ओकायचे. मी पोटातलं म्हणतोय ते खरंच पोटातलं.

नव्यानं कामाला लागलेल्या बायकांना त्या पहिल्याच दिवशी दम भरायच्या. "सासूला सुनेचं विचारायचं नाही. नवऱ्याला बायकोचं विचारायचं नाही. ज्याचं पोट दुखतं त्याच्याच तोंडून ऐकायचं. घरात सगळं ठीक आहे म्हणणारा माणूस पहिला खोटारडा समजायचा." केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणायच्या, की डबीवालीच्या फॉर्मवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या चारशे घरांत एकशे सात नंबरचं घर बाईंचं स्वतःचं होतं. केंद्राचा नियम असा, की आपल्या घराचा फॉर्म आपण भरायचा नाही, दुसरीनं येऊन विचारायचं. ती दुसरी म्हणजे बर्फवाली. रक्ताचे नमुने काढून बर्फाच्या डब्यातून न्यायचं काम तिच्याकडे होतं. दोघी एकाच वर्षी कामाला लागलेल्या आणि एकमेकींच्या खोड्या काढत म्हाताऱ्या होत चाललेल्या. पण बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बर्फवालीचे गुडघे कामातून गेलेले. "कशाला मरायला जिने चढतेस? माझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत नाही का?" असं म्हणून बाईंनी तो फॉर्म कधीच आपल्याकडे घेतला होता. फेरी संपली की केंद्राच्या टेबलावर बसायचं आणि एकशे सातच्या रकान्यात लिहायचं: निरंक. म्हणजे कुणीही आजारी नाही. चहा निवायच्या आत फॉर्म भरून व्हायचा.

त्या वर्षी वस्तीत काविळीची साथ आली. पाण्याचा नळ एका ठिकाणी गटारातून गेला होता, तिथंच फुटला. पहिल्या महिन्यात एकोणतीस माणसं पिवळी झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "ही पाण्यातून पसरणारी कावीळ आहे. धडधाकट माणूस महिन्याभरात उठून कामाला लागतो. पण गरोदर बाई असेल, त्यात शेवटचे महिने असतील, तर ही कावीळ आई आणि बाळ दोघांनाही नेते. चार-पाचजणींतली एक हाताला लागत नाही. पोटुशी बाई दिसली की आधी तिचे डोळे बघा."

बाईंनी डोळ्यांत तेल घालून बघितलं. एका आठवड्यात दोन गरोदर बायका त्यांनी वेळेवर इस्पितळात पोचवल्या. एकीची सासू म्हणत होती, दिवस गेलेल्या बाईला उलट्या व्हायच्याच, त्यात काय एवढं! बाईंनी तिला उभ्या उभ्या झापलं.

आणि घरी त्यांची स्वतःची सून सातव्या महिन्यात होती.

सून शिवणकामाच्या कारखान्यात बटणं लावायला जायची. घरात पाणी उकळूनच प्यायचं असा बाईंचा कडक नियम, पण कारखान्यात टाकीतलं प्यायला लागायचं. मुलगा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. नळ फुटल्यापासून त्याला दोन-दोन पाळ्या होत्या, घरी फक्त आडवा व्हायला यायचा. बाई उजाडता घराबाहेर पडायच्या आणि दिवेलागणीला परतायच्या. घरात एकच बल्ब, तोही पिवळा. त्या उजेडात भिंतही पिवळी, भांडीही पिवळी, माणसंही पिवळीच दिसायची. मोरीतून उलटीचा आवाज यायचा तो बाईंनी ऐकला होता, नाही असं नाही. मलाही शेवटपर्यंत व्हायच्या, असं मनाशी म्हणून त्यांनी कूस बदलली होती.

एका बुधवारी सकाळी त्या दोनशे बारा नंबरच्या घरात विचारपूस करत होत्या. तिथली बाई सुनेच्याच कारखान्यात होती.

"आमच्याकडे सगळे बरे आहेत. पण तुमची सून बरी आहे ना आता? गेल्या आठवड्यात सोमवारी शेवटची आली, तेव्हा नुसती ओकत होती बिचारी. लघवी काळ्या चहासारखी होते म्हणाली. तुम्हाला माहीत असेलच म्हणा."

 फॉर्म अर्धा, पेन उघडं, तशाच बाई उठल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फेरी मधेच टाकली. तीन जिने कसे चढल्या ते त्यांचं त्यांनाच आठवत नाही. सून भिंतीला टेकून बसली होती. बाईंनी तिला खिडकीपाशी ओढलं, हनुवटी वर केली आणि बोटानं खालची पापणी खाली केली. हळद लावावी तसा डोळा पिवळा होता.

"अगं, कधीपासून?"

"सांगणारच होते, आई," सून म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा डोळा लागला. दिवसाढवळ्या, अशी उभ्या उभ्या. ती झोप साधी नाही हे बाईंना बरोबर कळलं. त्यांनी खाली धावत जाऊन रिक्षा आणली.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती. पुढचे दोन दिवसही सून शुद्धीवर नव्हती. डॉक्टर काहीच सांगायला तयार नव्हते, नुसतं बघू म्हणायचे. मुलगा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून होता. फक्त एकदाच बोलला.

"आई, तू लोकांना दिवसभर हेच विचारतेस ना?"

  सून वाचू दे, एवढंच बाई मनात म्हणत राहिल्या. ती गेली तर या पोराच्या डोळ्याला डोळा भिडवून जगायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं.

सून वाचली. सहाव्या दिवशी तिनं पाणी मागितलं आणि मग पोटावर हात ठेवला. सांगायचं कुणी? मुलगा तोंड फिरवून बाहेर गेला. बाईंनीच सांगितलं. सून रडली नाही, फक्त छताकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती बाईंशी लागेल तेवढंच बोलायची. पाणी द्या, दार लावा, बस्स.

इकडे बाईंनी केंद्रात जाऊन एकशे सातचा शेवटचा फॉर्म काढला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. सुनेला इस्पितळात नेलं त्याच्या आदल्या आठवड्यातल्या मंगळवारची तारीख, पुढे निरंक, खाली बाईंची सही. "हा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "मी घरी विचारलंच नव्हतं. इथं बसून लिहिला."

डॉक्टरीणबाईंनी तो कागद जवळ ओढून वाचला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "खाडाखोड करायची नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एक रेघ मारा आणि सही करा. आजार कधी सुरू झाला आणि आपल्या नजरेतून कसा सुटला, याची चौकशी घरी होईल. तुम्ही करायची नाही."

सून घरी येऊन तीन आठवडे झाल्यावर बर्फवाली ते तीन जिने चढून आली. दर पायरीला हाश्शहुश्श करत, पण आली. दाराबाहेर चपला काढल्या आणि चौकशीचा लांबलचक फॉर्म मांडीवर घेतला. बाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"पहिल्यांदा बरं वाटेनासं कधी झालं?"

"शुक्रवारी. जेवण नकोसं झालं."

"लघवीचा रंग कधी बदलला?"

"रविवारी."

"घरात कुणाला सांगितलं होतंस?"

सून खाली बघत म्हणाली, "नाही सांगितलं. माझंच चुकलं."

फॉर्मवर त्या प्रश्नापुढे दोनच चौकटी होत्या. सांगितलं आणि सांगितलं नाही. बर्फवाली दुसऱ्या चौकटीत खूण करायला वाकली.

"थांब," बाई म्हणाल्या. "असं नाही लिहायचं. सासूनं विचारलं नाही, असं लिही."

"त्याला चौकट नाही गं."

"मग समासात लिही."

"अगं राहू दे ना. सून स्वतःच्या तोंडानं सांगतेय. कशाला आपल्या हातानं आपल्यावर ओढून घेतेस? वर वाचतील सगळे. बावीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"नाव गेलं चुलीत. तू लिही."

बर्फवालीनं हात टेकले आणि सुनेकडे बघितलं. "काय गं? लिहू का?"

 महिनाभर कोंडून ठेवलेलं सुनेच्या तोंडून बाहेर पडायला लागलं. "लिहा, मावशी. मी मंगळवारची वाट बघत होते. मंगळवारी आपल्या घराचा फॉर्म असतो हे मला माहीत होतं. सासूला असलं कसं सांगायचं, मला लाज वाटायची. पण त्या विचारतील तेव्हा सांगता येईल, असं वाटलं. त्या सगळ्यांना विचारतात ना! काय काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, तारखांसकट. मंगळवारी आई आल्या, पाय धुतले, जेवल्या, झोपल्या. मी भांडी घासेपर्यंत वाट बघितली. मग वाटलं, बहुतेक माझं काही विचारण्यासारखं नसेल."

आणि मग ती रडायला लागली. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदाच.

बर्फवालीचं पेन समासात चाललं होतं. जागा पुरेना म्हणून तिनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. बाई भिंत सोडून पुढे आल्या आणि सुनेसमोर जमिनीवर बसल्या. तिला हात लावायचा धीर त्यांना झाला नाही.

"चुकले मी, बाळा," त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्या दिवशी, बुधवारी काय झालं? सांग."