छत्रीवरचे चार ठिपके

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. इंटर सायन्सच्या प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला, शनिवारी सकाळी, दुसऱ्या घंटेला झाला. मी शेजारच्याच टेबलावर होतो. मागल्या वर्षी नापास झाल्यामुळं मला ही सोय होती.

कारवारच्या समुद्रातले नमुने स्पिरिटात बुडवून ठेवलेल्या दोन बरण्या. एकीत झुडपासारखा हायड्रॉइड, दुसरीत मसुरीएवढ्या छत्र्या, म्हणजे मेडुसा. चिठ्ठ्यांवर दोन वेगळी कुळं. बहिणीनं दोन्ही नमुने काचपट्टीवर घेऊन बघितले आणि लिहिलं: झुडपावरच्या प्रत्येक जिवाभोवती पारदर्शक पेला आहे, छत्रीच्या चार नळ्यांवर चार बीजपिंड आहेत, म्हणून कूळ एकच. झुडपाच्या कळ्या सुटून पोहू लागतात, त्याच ह्या छत्र्या.

प्रोफेसरांनी लाल रेघ मारली. बरण्या दोन, चिठ्ठ्या दोन, तर कुळंही दोन. सूक्ष्मदर्शकात एकदा बघा म्हणाली, तर म्हणे पंधरा वर्षं मी चिठ्ठी वाचतोय.

प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की घरचे तिचं लग्न लावून मोकळे होणार. मी गप्प बसणारा न्हाय. त्याच दुपारी खडेबाजारातल्या छापखान्यात पत्रक टाकलं, ‘मायलेकरांची ताटातूट’. चित्रही मीच काढलं. छत्रीच्या मधोमध तोंडाची सोंड लोंबते, ती मोकळी बरी दिसेना, म्हणून बीजपिंडांचे चारही ठिपके तिच्यावर दिले. निपाणीत तंबाखूच्या वखारींतून वाटलं. एका दलालानं विचारलं, हे खातात का. मी त्याला साम्राज्यशाही समजावून सांगितली.

बहीण पत्रक बघून जेवायची थांबली.

“अण्णा, बीजपिंड सोंडेवर असतात ती छत्री बिनपेल्याच्या झुडपाची. तू प्रोफेसरांचीच बाजू छापलास रं.”

म्हटलं, लोक एवढं बारीक बघत न्हाईत.

“प्रोफेसर बघतील. सूक्ष्मदर्शकात न्हाय बघणार, पत्रकात बघतील.”

बघितलंच. प्रिन्सिपॉलांनी तिचा पेपर पुन्हा तपासायचं कबूल केलंय, आणि प्रोफेसर माझं पत्रक खिशात घेऊन फिरतायत. सख्ख्या भावाची साक्ष आहे म्हणे. साक्ष खोटी आहे. चूक माझी, उत्तर तिचं.

ते पत्रक तुमच्या घरात असेल तर आत्ता दौत-टाक घ्या. सोंडेवरचे चारही ठिपके खोडा, चार नळ्यांवर एकेक द्या, आणि पत्रक प्रिन्सिपॉलांच्या टेबलावर नेऊन ठेवा.