भोक पाडलेलं नाणं

नाण्यांचे व्यापारी माझ्या भाऊजींना 'घेतलं' म्हणून ओळखतात, आणि नाव ठेवणाऱ्यांची त्यात काही चूक नाही. ट्रेमधलं नाणं नजरेस पडायचा अवकाश, यांच्या तोंडून तो शब्द निघालेला असतो. भाव काय, खरं की खोटं, असलं एक आधीच घरी आहे का, हे सगळं मागाहून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसले हे गृहस्थ. फरक इतकाच की यांचं लग्न दर रविवारी लागतं.

धंद्याने ते चष्मेवाले, आणि दुकानात हाच माणूस वेगळा असतो. गिऱ्हाईकाच्या नाकावर तपासणीची ती जड फ्रेम चढवायची, काचा बदलत राहायचं आणि "आता बरं दिसतं की मघाशी?" असं न कंटाळता विचारत बसायचं. केसाएवढा ओरखडा असला तरी काच कारखान्याला परत जाते. हा सगळा सोशिकपणा शटर ओढलं की संपतो.

मला त्यांची किळस येते, हे सरळच सांगून टाकतो. छंदाची येत नाही. माझा एक मित्र नाणी जमवतो. एकेका नाण्यासमोर तो तासभर बसतो आणि त्याला पाहणाऱ्यालाही बरं वाटतं. भाऊजी नाणं घरी आणतात, अंगठ्याला थुंकी लावून चोळतात, चष्म्याच्या रिकाम्या डबीत टाकतात आणि डबी कपाटात कोंबतात. ती पुन्हा उघडलेली मी पाहिली नाही. मग त्याच अंगठ्याने जेवायला बसतात. ताईने हात धुवायला सांगितलं की म्हणतात, "अगं, चांदी आहे ती, घाण नाही!"

ताईकडे मात्र एकच नाणं होतं, आमच्या आईचं. कुठल्याशा राणीचा मुखडा असलेलं चांदीचं नाणं, वरच्या कडेला भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेलं. ताई पहिल्या नोकरीसाठी घर सोडून निघाली तेव्हा आईने ते आपल्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातलं होतं. राणीच्या गालावर एक खोक होती. लहानपणी ताईनेच ते दाराच्या बिजागरीत चेपून पाहिलं होतं, त्याची.

आता माझी भाची नर्सिंग शिकायला परगावी निघाली होती. तिच्या गळ्यात घालायला म्हणून ताईने कपाटातली आपली डबी उघडली, तर आत नुसता दोरा.

"अहो, आईचं नाणं कुठंय?"

भाऊजींनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. "त्याला भोक होतं गं. भोकाच्या नाण्याला कुणी विचारत नाही. मी त्याच्या बदल्यात दोन अख्खी आणली."

"मला न विचारता?"

"विचारायला वेळ कुठे होता? दुसऱ्या कुणी उचललं असतं म्हणजे?"

ती दोन अख्खी कुठल्या डबीत आहेत, हेही त्यांना सांगता येईना. ताई रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "उद्या जा आणि तेवढंच परत घेऊन या. दुसरं काही नको. हा येईल बरोबर." हा म्हणजे मी. मेहुणा म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून.

व्यापाऱ्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. मान वाकवून आत शिरायचं आणि वाकलेलीच ठेवून बोलायचं. भाऊजींना पाहताच त्याचा चेहरा खुलला.

"ते भोकाचं ना? तसं आता माझ्याकडे नाही, साहेब," तो म्हणाला. "पण त्याच जातीचं अख्खं आहे. संध्याकाळी एक जण न्यायला येतोय."

मी भाऊजींची बाही ओढली. "भाऊजी, आधी नीट बघा तरी. आणि ताईने काय सांगितलंय..."

"घेतलं!"

काय मोजलं ते मी सांगणार नाही; मला लाज वाटते. रस्त्यात स्वारी खुशीत होती. "तिला राणीच हवी ना? ही तीच राणी, शिवाय भोक नाही. खूश होईल बघ!"

ताई आणि भाची चष्म्याच्या दुकानातच बसल्या होत्या. भाचीची बॅग दाराशी होती. ताईने नाणं तळहातावर घेतलं, राणीच्या गालावरून अंगठा फिरवला आणि तिचा हात तिथेच थांबला. मग तिने भिंगाचा दिवा लावून नाणं त्याखाली ठेवलं.

"बघा."

भाऊजी वाकले. गालावर ती खोक होती. वरच्या कडेला एक गोल, बाकीच्या चांदीहून किंचित फिका. भोक बुजवून, घासूनपुसून व्यापाऱ्याने आमचंच नाणं आम्हाला विकलं होतं. व्यापाऱ्याच्या दुकानात मीही ते ओळखलं नव्हतं, पण मी लोकांचे डोळे तपासत नाही.

भाऊजी बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मला वाटलं, आता तरी लाजतील. त्यांनी जीभ टाळ्याला लावून टक्‌ केलं.

"काय बुजवलंय! सांधा म्हणून दिसत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईने मात्र बिनफ्रेमच्या चष्म्यांच्या काचांना भोकं पाडायचं छोटं ड्रिल त्यांच्यापुढे सरकवलं.

"पाडा भोक."

"अगं, वेड लागलंय का? एवढे पैसे ओतलेत, मातीमोल होईल ते! असं एकदम काही करू नये. आधी नीट विचार तरी कर!"

उभ्या जन्मात हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. भाची हसली. मुलीने बापाला असं हसू नये.

"पाडा," ताई म्हणाली.

हात मात्र कसलेला. ड्रिल फिरलं आणि बुजवलेली टिकली सुटून मेजावर पडली. ताईने दोरा ओवला आणि लेकीच्या गळ्यात बांधला. भाचीने नाणं मुठीत धरून डोळे मिटले. भाऊजींनी तिकडे पाहिलंच नाही. त्यांनी ओल्या अंगठ्याने ती टिकली उचलली होती आणि दिव्यासमोर धरली होती.

"ही तू टाकूनच देणार ना?" त्यांनी ताईला विचारलं. "मग मी घेऊ?"

भाचीने काउंटरवरची चष्म्याची एक रिकामी डबी उघडली, वडिलांसमोर ठेवली आणि बॅग उचलून बाहेर पडली.