लीलाबाईंची चौकट

अनिसाच्या नाकावर राग कायम बसलेला, पण त्या आठवड्यात तो खाली उतरायलाच तयार नव्हता. आणि का उतरावा?

चितेगावच्या एका कारखान्यात ती पाळ्या लावते. पॅकिंगच्या बायकांसाठी तिनं एक्सेलमध्ये एक पान बांधलं होतं. प्रत्येकीच्या नावापुढं तीन गोल बटणं: सकाळ, दुपार, रात्र. तिन्हींभोवती एक चौकट, एका चौकटीत एकच टिंब टिकतं. ज्या गोलात टिंब, ती पाळी मॅक्रो, म्हणजे तिनंच लिहून ठेवलेल्या सूचना, लावून टाकी. जिचं टिंबच नाही ती रात्रीला, हा नियम वरून आलेला. अनिसाचे अब्बा अन्सारभाई पडेगावात दारं-खिडक्या करतात. आधी चौकट, मग दार, हे तिच्या हाडात मुरलेलं.

तिच्यावरच्या सार्थक साहेबांच्या मात्र त्या चौकटी डोळ्यांत खुपल्या. मोठे साहेब पाहणीला येणार, पान सुटसुटीत दिसावं, म्हणून अनिसा रजेवर असताना त्यांनी त्या सगळ्या उडवल्या. झालं! पानभरची बटणं एकाच गटात कोंबली गेली. एकीला टिंब दिलं की आधीचीचं पुसलं जाई. साहेबांनी नव्या आठवड्याची टिंबं भराभर दिली, मागं वळून कोण बघतंय? शेवटच्या बाईची पाळी तेवढी टिकली, बाकीच्या सगळ्या रात्रीला.

पॅकिंगच्या लीलाबाई पाचोडच्या, कायम सकाळपाळीच्या. रात्री त्या वाटेला कंपनीची गाडी नाही. त्या येऊ शकल्या नाहीत, गैरहजेरी पडली आणि ठेकेदारानं त्यांना घरी बसवलं. अनिसा परतली तर साहेब म्हणाले, तुझंच मॅक्रो बिघडलं, गुपचूप नीट कर. लीलाबाईंचं काय, असं तिनं विचारलं, तर म्हणे बाई काय, दुसरी मिळेल. चोर तो चोर, वर शिरजोर!

दात-ओठ खात अनिसानं सगळ्या चौकटी पुन्हा काढल्या, प्रत्येकीवर बाईचं नाव घातलं, कामावर असलेल्यांची टिंबं दिली आणि मॅक्रोच्या एका ओळीनं त्या सगळ्या एकदम झाकल्या. झाकलेली चौकटही आपली बटणं धरून ठेवते. एवढंच तर काम होतं. एका शब्दानं विचारलं असतं तर!

पाहणीच्या दिवशी साहेबांनी ते पान भिंतीवरच्या पडद्यावर लावलं आणि फुशारकी मारली, की नसत्या चौकटी आपणच काढून टाकल्या. अनिसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि तीच ओळ उलटी फिरवली. सगळ्या चौकटी उघड्या पडल्या. पहिलीच लीलाबाईंची, आत एकही टिंब नाही. ही रिकामी का, असं मोठ्या साहेबांनी विचारलं.

“यांनी चौकट काढली, अन् सकाळपाळीची बाई रात्रीत जाऊन पडली,” अनिसा म्हणाली. “पाचोडची हाय ती. रात्री यायची कशी? तिला घरी बसवलं, अन् दोष माझ्या माथी. चौकट उपटायची, अन् दार पडलं की सुताराला शिव्या द्यायच्या, व्हय?”

मोठ्या साहेबांनी तिथंच सार्थक साहेबांना लीलाबाईंना फोन करायला लावला. उद्यापासून कामावर या, झाली ती चूक माझी, एवढं त्यांना सगळ्यांदेखत बोलावं लागलं. चूक-बीक लीलाबाईंनी मनावरच घेतली नाही. त्यांनी एकच विचारलं, “पाळी कोणती?”

अनिसानं टिंब दिलं, पानाला कुलूप घातलं आणि फोन सार्थक साहेबांच्या हातातून घेतला.

“सकाळची,” ती म्हणाली. “अन् आता कुणाच्या बापालाबी पुसता यायची नाय.”