नांदेडचं इंजेक्शन

माझा रक्तगट निगेटिव्ह. आठव्या महिन्यात लातूरच्या दवाखान्यात तपासणी झाली, तर माझ्या रक्तात बाळाच्या रक्तपेशी मारू शकतील अशा अँटीबॉडी निघाल्या.

"एवढ्यात एखादं इंजेक्शन घेतलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "न्हाई बाई, काईच घेतलं न्हाई बगा." मी "अहो, पण" म्हणाले, तर नवरा म्हणाला, "आई सांगायलीय ना, तू गप बस."

घरी येऊन मी सांगितलं, की डोहाळजेवणाला नांदेडला माहेरी गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रक्तगटाचं इंजेक्शन दिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ते ताकदीचं असंल. माहेरचं हिथं कशाला?"

मग चार दिवस माझं नळ्या भरभरून रक्त काढलं, आणि घरात सगळे सुतकी तोंड करून बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना आणि नवऱ्याला बाहेर बसवून मला एकटीला विचारलं. मी नांदेडचं सांगितलं.

"अहो, त्या इंजेक्शनच्याच अँटीबॉडी आहेत या, बाळाला काही धोका नाही! पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?" त्या माझ्यावरच डाफरल्या.

मी बाहेर आले. "काय म्हणल्या?" सासूबाईंनी विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा उठून म्हणाला, "थांब, मी विचारून येतो."